पाठगरी

“हातमोजो काढ,” कुबलकाका म्हणाले.

बाहेर उणे एकवीस होतं. गोठलेल्या तळ्यावरच्या खोपटात शेगडी पेटलेली होती, तरी बर्फाच्या भोकातून वर येणारा गारवा माझ्या गुडघ्यांपर्यंत साचला होता. मी उजव्या हाताचा मोजा काढला. त्यांनी दोरी माझ्या तर्जनीवर आडवी ठेवली आणि माझं बोट भोकावर धरलं.

“आता गप रव.”

मी गप्प राहिले. भोक वीतभर रुंद होतं. त्याखाली चार मीटर काळं पाणी, आणि तळापासून हातभर वर शिशाची रंगवलेली मासोळी, तिच्या गळाला अडकवलेला बोटाएवढा आमिषाचा मासा. दोन-तीन मिनिटांनी बोटाला काहीतरी कळलं. ओल्या कापडाचं टोक कुणी चिमटीत धरावं आणि लगेच सोडून द्यावं, एवढंच. मी दोरी झटकली. गळ रिकामा वर आला. आमिषाची शेपटी तेवढी गेली होती.

“बगलंस? थंडीत मासो खाणा नाय. चाखता.”

मग त्यांनी खिशातून तंबाखूची गोल डबी काढली. आत जेमतेम नखाएवढे गळ होते, प्रत्येकाला बोटभर लांबीचा लाल दोरा. त्यांनी दोऱ्याचं एक टोक मोठ्या गळाच्या मानेला बांधलं आणि छोटा गळ नव्या आमिषाच्या शेपटीत टोचला. मोठा गळ डोक्याकडे, छोटा शेपटीकडे. दोरी परत खाली सोडली. या वेळी तोच हलका स्पर्श झाला आणि त्यांनी मनगट इतकं थोडं हलवलं की मला ते दिसलंही नाही. मिनिटभरात भोकातून अर्धा मीटर लांबीचा, सोनेरी अंगाचा, दुधाळ डोळ्यांचा वॉलाय मासा वर आला. छोटा गळ त्याच्या खालच्या ओठात होता.

“ही पाठगरी,” ते म्हणाले. “पाठसून येता, म्हणान पाठगरी.” मालवणीत गरी म्हणजे गळ.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी सांगलीहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून अमेरिकेच्या उत्तर सीमेजवळच्या एका विद्यापीठात मत्स्यविज्ञान शिकायला गेले होते. आमचं घर जैन. स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. काकांना हे पहिल्याच दिवशी कळलं आणि मग पूर्ण हिवाळा त्यांना पुरला. मासो तोंडात घालूचो नाय आणि डिग्री माशांची, असं ते खोपटात येणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजीतून सांगत, आणि माझ्याकडे वळून मालवणीतून पुन्हा एकदा सांगत.

लवू कुबल मालवणचे. बापाच्या होडीवर सुरमईसाठी गरी ओढत मोठे झाले, पंचविशीत मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागले आणि एका हिवाळ्यात त्यांचं जहाज इथल्या मोठ्या सरोवरांच्या बंदरात बर्फात अडकलं. बर्फ सुटेपर्यंत बंदरातल्या खानावळीत काम करणाऱ्या लॉरेनशी त्यांचं जमलं. जहाज गेलं, हे राहिले. मी भेटले तेव्हा या गोष्टीला एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि लॉरेनबाई जाऊन सहा. त्यांची मालवणी मात्र ते निघाले त्या दिवशीचीच होती. माझ्या प्रमाण मराठीला ते “रेडिओ” म्हणत.

तळ्यावर त्यांना सगळे ‘कूब’ म्हणत. त्यांची ती पाठगरी तिथे ‘कूब टेल’ होती. शेपटीला गळ लावायची युक्ती त्यांच्याआधी तिथे कुणाला माहीत नव्हती असं नाही. पण त्यांनी सुरमईच्या गरीवरून दोऱ्याची लांबी ठरवली होती, आणि गाठ त्यांची स्वतःची होती. तीन वेढे, एक उलटा फासा आणि शेवटी दोऱ्याचं टोक गाठीच्या आतच दडवलेलं. ओल्या थंडीत बाकीच्यांच्या गाठी सरकत, कूबची सरकत नसे. तळ्याकाठच्या दुकानात एक पूर्ण भिंत त्यांच्या गळांची होती. रॉय नावाचा लाकूडतोड्या शेजारच्या खोपटात बसायचा. तो म्हणायचा, “माझ्या दोन्ही लग्नांच्या गाठी सुटल्या. कूबने बांधली ती एकच टिकली.”

त्या हिवाळ्यात या भिंतीवरच संकट आलं होतं. तळ्यावर नियम होता की चाळीस सेंटिमीटरपेक्षा लहान वॉलाय परत सोडायचा. सोडलेले मासे पाठगरीच्या जखमेने मरतात, अशी तक्रार काही लोकांनी केली होती. म्हणून मत्स्यखात्याने पाठगरीवर बंदी घालायचा प्रस्ताव मांडला. मार्चच्या नऊ तारखेला गावच्या शाळेत जाहीर सुनावणी होती. त्याआधी खात्याला आकडे हवे होते, आणि ते आकडे काढायचं काम माझ्या मार्गदर्शक डॉ. हाल्वोर्सन यांच्याकडे, म्हणजे प्रत्यक्षात माझ्याकडे, आलं होतं.

प्रयोगाची आखणी साधी होती. चाळीस मासे नुसत्या गळाने पकडायचे, चाळीस पाठगरी लावून. प्रत्येकाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची, गळ कुठे लागला ते लिहायचं, पाठीच्या पराखाली क्रमांकाची प्लॅस्टिकची पट्टी टोचायची आणि बर्फाखाली सोडलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचं. अ पिंजरा नुसत्या गळाचा, ब पिंजरा पाठगरीचा. बहात्तर तासांनी किती मेले ते मोजायचं. हे सगळं दोनदा.

मासे पकडायला मात्र कुबलकाका. मी हाल्वोर्सनबाईंना विचारलं होतं, ज्याच्या गळावर बंदी येणार त्यालाच कसं बसवायचं? त्या म्हणाल्या, या तळ्यावर फेब्रुवारीत इतके मासे वेळेत काढू शकेल असा दुसरा माणूस मला दाखव. आणि तू शेजारी बसणारच आहेस.

तशी मी शेजारी बसले. खरं तर पाठ करून बसले, कारण मोजायचा टब कोपऱ्यात होता आणि खोपटं सहा फुटांचं. मासा वर आला की काका तो ओल्या हाताने माझ्याकडे सरकवत. मी लांबी घेई, गळाची जागा लिहून गळ काढी, पट्टी टोची. तोवर त्यांची दुसरी दोरी पाण्यात गेलेली असे. मधूनच मागून “गेलो” एवढं ऐकू येई. म्हणजे मासा सुटला. मी मान वर करत नसे. कागदावर सुटलेल्या माशाला रकाना नव्हता.

काम करताना त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटे. भोकावर धरणारा बर्फाचा पापुद्रा ते झाऱ्याने असा काढत की पाण्यावर तरंग उठत नसे. मासा किती मोठा ते तो वर यायच्या आधी सांगत आणि दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त चुकत नसत. मी गंमत म्हणून त्यांचे अंदाज कागदाच्या मागे लिहायला लागले. पस्तीस माशांत सरासरी चूक चौदा मिलिमीटर होती. मी त्यांना सांगितलं, तर ते नाराज झाले. चौदा म्हणजे फार, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या फेरीचा निकाल आला. अ पिंजऱ्यात चाळीसपैकी दोन मेलेले, ब मध्ये तीन. एका माशाचा फरक, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत फरकच नाही. मी हे मोठ्याने वाचलं तेव्हा काकांनी शेगडीवर कॉफी ठेवली आणि डबीतली शेवटची दोन बिस्किटं मला दिली. हाल्वोर्सनबाई फोनवर म्हणाल्या की दुसरी फेरी अशीच आली तर बंदीचा प्रस्ताव टिकणार नाही. मला मनापासून बरं वाटलं. तोवर ते माझे कुबलकाका झाले होते. निकाल काय लागावा असं मला वाटू लागलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसऱ्या फेरीत त्यांचं बोलणं कमी झालं. मी त्याचा अर्थ थकवा असा लावला.

फेरीच्या चौथ्या दिवशी, पिंजरे भरून झाल्याच्या दुसऱ्या सकाळी, मी पिंजऱ्यांपाशी गेले, तेव्हा ब पिंजऱ्याच्या झाकणाची दोरी मी बांधली होती तशी नव्हती. माझी गाठ मला माहीत होती. शाळेत गाईडमध्ये शिकवलेली, दोन कान असलेली. तिच्या जागी तीन वेढे, उलटा फासा, आणि टोक दिसत नव्हतं.

पिंजरा बहात्तर तासांच्या आत उघडायचा नाही, हा माझा नियम काकांना मी स्वतः सांगितला होता. मी तिथेच उभी राहिले. पापण्यांवर बर्फ धरेपर्यंत उभी राहिले. मग खोपटाकडे गेले. काका आत नव्हते. त्यांच्या स्नोमोबाइलच्या ताज्या खुणा तळ्याच्या खालच्या टोकाकडे गेल्या होत्या. खोपटाच्या मागच्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला, एक बादली होती आणि तिच्यावर गोणपाट. मी ते उचललं. बादलीत मेलेले वॉलाय होते. वरच्या तिघांच्या पोटाला आणि कल्ल्यांजवळ जखमा दिसत होत्या. एकाच्याही पाठीवर पट्टी नव्हती.

मी गोणपाट होतं तसं ठेवलं.

पुढचा विचार करायला मला फार वेळ लागला नाही. ब पिंजऱ्यात मेलेले मासे त्यांनी काढले, पट्ट्या कापून टाकल्या आणि त्यांच्या जागी ताजे मासे टाकले. पट्ट्यांचा डबा खोपटातच असायचा, टोचायची सुईही. माझ्या हस्ताक्षरातले क्रमांक त्यांना दिसत होते. एक्केचाळीस वर्षांचं नाव, दुकानातली भिंत. मला राग कमी आला, लाज जास्त वाटली. त्यांच्याऐवजी मलाच.

दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांनी विचारलं, घरची आठवण येता काय? मी हो म्हटलं. त्यांनी मला एका गरम थर्मासात पेज आणून दिली, मीठ घातलेली, लोणच्याच्या फोडीसकट. ते लोणचं त्यांनी कुठून मिळवलं असेल याचा मी विचार करत राहिले आणि पेज खाल्ली नाही.

बहात्तर तास भरले. मी हाल्वोर्सनबाईंना काही कळवलं नव्हतं. आधी खात्री करायची होती, आणि ती करायचा मार्ग माझ्याकडे होता. पट्टी नवी टोचता येते, पण लांबी खोटी करता येत नाही. मी ब पिंजऱ्यातला एकेक मासा काढून पुन्हा मोजला. मासे बदललेले असतील तर जुन्या आणि नव्या लांबीत दोन-चार सेंटिमीटरचा फरक निघणार. चारशे बारा. जुनी नोंद चारशे अकरा. तीनशे सत्याऐंशी. जुनी नोंद तीनशे सत्याऐंशी. चाळीसच्या चाळीस मासे तीन मिलिमीटरच्या आत जुळले. मेलेले दोन होते, तेही आपापल्या पट्ट्यांसह आणि आपापल्या लांबीचे.

म्हणजे पिंजऱ्यातून काही गेलं नव्हतं आणि काही आलं नव्हतं.

मग बादलीतले मासे कुठले?

काका थोड्या अंतरावर भोकातला पापुद्रा काढत होते. मी बधिर झालेले हात काखेत धरून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, “काका, पिंजऱ्याची गाठ तुम्ही बांधलीत?”

“मी नायतर कोण? तुझी ती सशाच्या कानांची गाठ बगून माका झोप येवक नाय. बर्फ धरलो असतो तर कुऱ्हाडीन तोडूची लागली असती. झाकण उघडूक नाय. तुझ्या गाठीवरच माझी बांधलंय.”

मी परत जाऊन बघितलं. सोडून टाकलेल्या त्यांच्या गाठीच्या खाली दोरीवर माझ्या गाठीच्या वळ्या अजून गोठलेल्या होत्या. दोन्ही कानांच्या, दबलेल्या. झाकण उघडताना मी स्वतः आधी त्यांची आणि मग माझी गाठ सोडली होती, आणि लांब्यांच्या विचारात ते माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

“आणि बादली?”

त्यांनी झारा खाली ठेवला. “ती बगलंस तू. परवाच बगलंस, गोणपाट उलटा घातलंस. विचारूक दोन दिस कित्याक लागले?”

त्यांनी बादली आणून शेगडीजवळ ठेवली, मासे एकेक काढून फळीवर मांडले. सात होते. उजेडात मला ते दिसलं जे गोणपाट उचलून वाकून बघितलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. प्रत्येक माशाच्या अंगात छोटा गळ तसाच रुतलेला होता आणि त्याला लाल दोऱ्याचा तुकडा होता. पिंजऱ्यात जाणाऱ्या प्रत्येक माशाचा गळ मी स्वतः काढत होते. हे मासे माझ्या हातातून गेलेलेच नव्हते.

“गाठी कोणाच्यो ह्यो?” त्यांनी विचारलं.

तीन वेढे, उलटा फासा, टोक आत.

तळ्याच्या खालच्या टोकाला जुन्या लाकूडगिरणीचा बांध होता. तिथे पाणी वाहतं म्हणून बर्फ धरत नसे, आणि पाण्याच्या तोंडावर लोखंडी जाळी होती. आमचं खोपटं अरुंद खाडीसारख्या भागात होतं. तिथला प्रवाह सावकाश त्या जाळीकडे जायचा. काका दुसऱ्या फेरीच्या पहिल्या दिवसापासून रोज पहाटे तिथे जात होते. भोकाच्या धारदार कडेला घासून दोरा तुटला की मासा गळ घेऊन जातो. त्यातले मेलेले किंवा दमलेले काही जाळीला येऊन लागतात. सगळे नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. काही तळाला जातात, काही इतर मासे खातात.

“आणि ज्यांचा दोरा तुटत नाही? नुसते सुटतात ते?”

त्यांनी खिशातून तंबाखूच्या दोन डब्या काढल्या. एकीवर पेन्सिलीने इंग्रजी ए लिहिलं होतं, दुसरीवर बी. बी मध्ये माशांचे खवले होते, नखाच्या चंद्रकोरीएवढे. प्रत्येक खवला कागदाच्या कपट्यात, कपट्यावर तारीख.

“मासो सुटलो की गरी रिकामी येता. पण धारेक बग, कदी कदी खवला लागलेला असता. तोंडाक खवलां असतत काय? तू शिकलंस, तू सांग.”

वॉलायच्या ओठांना खवले नसतात. गळाला खवला आला, म्हणजे गळ तोंडात लागलाच नव्हता. तो अंगात लागला आणि अंग फाडून सुटला. मी पुस्तकात खवल्यांवरून माशाचं वय मोजायला शिकले होते. खवल्यावरून हे वाचता येतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी मोजले. बी मध्ये सतरा. ए मध्ये एक.

सतरा आणि सात, चोवीस. चाळीस मासे वर आले आणि निदान चोवीस बर्फाखाली जखमी होऊन गेले, आणि मी तिथून तीन फुटांवर पाठ करून बसले होते. मागून येणारं प्रत्येक “गेलो” मी ऐकलं होतं. नुसत्या गळाने सुटणारा मासा बहुतेक वेळा न टोचलेलाच सुटतो. तो फक्त आमिष चाखतो. पाठगरी त्या चाखणाऱ्यालाच धरते, म्हणून तर ती चालते, आणि म्हणूनच अर्धवट, कुठेही धरते. माझा प्रयोग वर आलेल्या माशांना विचारत होता की तुम्ही जगलात का. ते बहुतेक जगणारेच होते.

“पहिल्या फेरीतही असंच झालं असणार,” मी म्हणाले.

“झाला. माका तेवाच कळला होता.” ते खाली बघून बोलले. “मी म्हटलंय, जावंदे. बाई खूश, चेडू खूश, मी खूश. बिस्कुटा खाल्लव.” चेडू, म्हणजे पोरगी, म्हणजे मी. मग म्हणाले, “मगे रातीक झोप लागेना. तुझी गाठ बगून झोप येवक नाय म्हणान सांगितलंय, ता अर्धाच खरा.”

मी त्यांना सांगितलं, आणि हे लिहिताना मला आजही अवघडल्यासारखं होतं, की मंजूर आराखड्यात फक्त वर आलेले मासे मोजायचे असं आहे. सुटलेल्यांचा उल्लेख केला नाही तरी मी खोटं काही लिहीत नाही. सुनावणीला सहा दिवस आहेत. पुढच्या वर्षी वेगळा अभ्यास करता येईल. हे सगळं मी व्यवस्थित, मुद्द्यांनी बोलले.

काकांनी मासे परत बादलीत ठेवले. “तुझ्या कागदार सुटलेल्याक जागा खय आसा?”

“नाही. रकानाच नाही.”

“मगे काढ. पट्टी आसा मा तुझ्याकडे?”

माझ्याकडे पट्टी होती. मासे मोजायची.

रकाना आखताना मी त्यांना विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला? ते म्हणाले, त्यांचे वडील. होडी किनाऱ्याला लागली की वाळूवर बायका टोपल्या घेऊन उभ्या असायच्या. वडील उतरायच्या आधी मोठ्याने दोन आकडे सांगायचे. “गावले बावीस, फाटले चार.” बाकीच्या होड्यांचे तांडेल हसायचे. सुटलेला मासा कोणी मोजतं का? पण फाटलेले जास्त झाले की दुसऱ्या दिवशी वडील गरी बदलायचे, किंवा तिथे जायचेच नाहीत. “तो म्हणायचो, फाटलेलो मासो पण आपल्याच गरीन मरता. तो समुद्राचो न्हय, आपलोच.”

“आणि तुम्ही इथे एवढी वर्षं मोजलेत?”

“नाय,” ते म्हणाले. “हय बर्फ आसा. खालचा दिसणा नाय, मगे माणूस इसारता.”

हाल्वोर्सनबाईंनी डब्या आणि मासे प्रयोगशाळेत मागवले. खवले सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यांनी सगळे पोटाचे आणि कुशीचे असल्याचं सांगितलं. अहवालात त्यांनी एक स्वतंत्र भाग घातला. आराखड्याबाहेरची निरीक्षणं, असं स्पष्ट लिहून. त्या म्हणाल्या, याला खात्यातले लोक आक्षेप घेऊ शकतात, गावातले तर घेणारच.

नऊ तारखेला शाळेच्या व्यायामशाळेत शंभरेक माणसं होती. बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबल मांडलं होतं. पिंजऱ्यांचे आकडे वाचले तेव्हा टाळ्या पडल्या. मग चोवीस सुटलेल्या माशांचा भाग वाचला आणि कुजबुज सुरू झाली. रॉय उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वाटत होतं की तो कूबची बाजू घेतोय. त्याने विचारलं, ते सात मासे याच प्रयोगातले कशावरून? तळ्यावर दोनशे खोपटी आहेत. कोणाचाही गळ असेल.

माझ्याकडे उत्तर तयार होतं, प्रवाहाच्या वेगाचं आणि अंतराचं. ते द्यायची वेळ आली नाही. कुबलकाका तिसऱ्या रांगेत बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, लॉरेनबाईंनी विणलेला स्वेटर वरून. ते उठले, टेबलापाशी आले, काचेच्या बशीतला एक गळ दोऱ्यासकट उचलला आणि रॉयच्या तळहातावर ठेवला.

रॉयने चष्मा लावला. गाठ उजेडात धरली. मग ती शेजारच्याला दिली, त्याने पुढच्याला. त्या हॉलमध्ये असा माणूस नव्हता ज्याने ती गाठ आपल्या गळावर बघितली नव्हती. गळ तीन रांगा फिरून परत टेबलावर आला.

“माझी आहे,” काका इंग्रजीत म्हणाले. “सातही माझ्या. विकायच्या गळांना मी लाल दोरा लावत नाही. तो फक्त त्या खोपटात वापरला.”

रॉय म्हणाला, “कूब, तुला कळतंय ना तू काय करतोयस?”

“मला तुझ्याआधी कळलं,” काका म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

बंदी मंजूर झाली. त्या तळ्यापुरती, पुढच्या हिवाळ्यापासून.

बर्फ उतरायच्या आधीच्या आठवड्यात मी निरोप घ्यायला दुकानात गेले. काका भिंतीसमोर स्टुलावर बसले होते. मांडीवर पक्कड. पुठ्ठ्यावरचा एकेक नग काढून छोटा गळ तोडत होते आणि नुसती शिशाची मासोळी परत लावत होते. मी दुसरी पक्कड घेतली आणि शेजारी बसले. आम्ही दुपारभर ते काम केलं. तोडलेले गळ जुन्या रंगाच्या डब्यात पडत होते. रॉय येऊन गेला, दाराशी उभा राहिला, दोन मासोळ्या विकत घेऊन गेला. कशाला लागतात, असं काकांनी विचारलं, तर म्हणाला, त्यावर गाठ नाही म्हणून स्वस्त मिळतील असं वाटलं.

निघताना मी म्हटलं, मला एक आठवण म्हणून द्या. त्यांनी खिशातून एक पाठगरी शोधून काढली, लाल दोऱ्याची. हातात धरून बघितली. मग पक्कडीने गळ तोडला आणि उरलेला दोरा माझ्या तळहातावर ठेवला.

“गाठ ठेव,” ते म्हणाले. “गरी नको.”

आता मी वेगळ्या तळ्यांवर काम करते. माझ्या हाताखाली विद्यार्थी असतात. माझ्या नोंदीच्या पाटीची पेन्सिल त्या दोऱ्याने बांधलेली आहे. दर डिसेंबरात, पहिला बर्फ चालण्याइतका जाड झाला की, काकांचा फोन येतो. ते पंचाहत्तरीला आलेत. नुसत्या गळाने मासे धरतात आणि पूर्वीपेक्षा निम्मेच मिळतात, असं सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसते. आधी ते विचारतात की मासे खायला लागलीस की नाही. मी नाही म्हणते. मग कामाचं विचारतात.

“गावले किती?”

मी सांगते.

“आणि फाटले?”

तोही आकडा माझ्याकडे असतो. मी सांगते. ते पलीकडे दोन्ही आकडे मनात शेजारी मांडत असावेत, आणि मग म्हणतात, “बरा.”